पूल होऊ द्या, पण लाँच काढून घेऊ नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खाड्यांवरचे करंजा–रेवस आणि वर्सोवा–मढ हे दोन्ही पूल आज ना उद्या उभे राहतील. मोटारवाल्यांची सोय होईल, ती व्हायलाही हवी. पण या पुलांवर सायकलला जागा असणार आहे का, हा प्रश्न आत्ताच विचारलेला बरा. वांद्रे–वरळी सागरी सेतू २००९ मध्ये सुरू झाला, त्यावर सायकल चालत नाही. जानेवारी २०२४ मध्ये २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला, त्यावर चालत नाही. त्याच वर्षी मार्चपासून किनारी रस्ता टप्प्याटप्प्याने सुरू झाला, तिथेही मनाई. म्हणजे मुंबईतून पाणी ओलांडून थेट उरण-अलिबागकडे सायकल न्यायची तर लाँच हाच आमचा जवळचा रस्ता. पूल झाला की लाँचचे उतारू आटतात आणि उतारू आटले की फेऱ्या कमी होत होत बंद पडतात. वर सायकलला बंदी आणि खाली लाँच नाही, अशी वेळ आली तर मुंबईजवळची एका दिवसात होणारी सर्वांत देखणी सायकलफेरी नकाशावरून पुसली जाईल.

ती फेरी अशी. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा, तिथून उरणमार्गे करंजा, करंज्याहून छोट्या लाँचने धरमतरच्या खाडीपलीकडे रेवस, मग किनाऱ्याकिनाऱ्याने सासवणे, किहीम, अलिबाग, पुढे आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा; परत अलिबागला येऊन मांडवा आणि मांडव्याहून रो-रोने, म्हणजे मोटारीही नेणाऱ्या मोठ्या बोटीने, पुन्हा भाऊचा धक्का. मोरा ते करंजा सात-आठ किलोमीटर, रेवस ते अलिबाग चोवीसएक, अलिबाग–रेवदंडा जाऊन-येऊन चौतीस, अलिबाग–मांडवा वीस. एकूण पंच्याऐंशीच्या आसपास. चढ जवळजवळ नाहीत. दमवणारे वारा, ऊन आणि चुकलेली भरती.

भरतीचा हिशोब आधी, कारण इथेच बहुतेकांचा बेत फसतो. मोरा बंदरात गाळ इतका आहे की पूर्ण ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही आणि फेऱ्या तास-दोन तास थांबतात. कोकणात चालणारा ठोकताळा असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. त्यानंतर सहा तास आणि थोड्या मिनिटांनी ओहोटी. हा ठोकताळा अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो, म्हणून आदल्या रात्री भरती-ओहोटीचा तक्ता बघायचाच. पण रविवार निवडायला तो पुरतो. नवमी ते एकादशीच्या दरम्यान येणारा रविवार उत्तम. सकाळी सात-साडेसातला मोऱ्याला पाणी भरलेले असते, नऊच्या आत करंजा–रेवसही निभावते, आणि हे भांगाचे, म्हणजे पाण्याच्या कमी चढ-उताराचे दिवस असल्याने पाण्याला ओढ कमी असते. अमावास्या-पौर्णिमेला नेमके उलटे. उधाणाची भरती दुपारी बाराच्या आगेमागे, म्हणजे पहाटे पाच-सहाला पाणी पार तळाला, आणि तीच पहिल्या लाँचची वेळ. अशा रविवारी मोऱ्याचा हट्ट सोडून दोन्ही वेळा रो-रो घ्यावी. मांडव्याच्या रो-रो धक्क्याला लाटा अडवणारा बांध आहे, पाणीही खोल आहे, तिथे ओहोटीचा फारसा अडसर येत नाही.

एक तोटाही सांगायला हवा. दशमीच्या ओहोटीला पाणी फार उतरत नाही. त्यामुळे अलिबागला कुलाबा किल्ल्यात पायी जाण्याचा बेत याच दिवशी जोडू नये. किल्ला आणि लाँच दोन्ही एका दिवशी साधण्याच्या नादात लोक दोन्ही घालवतात.

लाँचवर सायकल चढवणे हे वेगळेच काम आहे. धक्क्याच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असते. पेडलला अडकणारे धातूचे क्लीट असलेले बूट तिथे हमखास घसरतात, म्हणून धक्क्यावर साध्या चपला घालाव्यात. पिशव्या, बाटल्या आणि मागच्या कॅरिअरवरचे ओझे आधी काढून वेगळे द्यावे. सायकल दोघांनी धरायची, एकाने हँडलच्या मुळाशी आणि दुसऱ्याने सीटखालच्या नळीला. नुसती सीट किंवा चाक धरून उचलली तर ती हातात फिरते आणि गिअरची बाजू कठड्यावर आपटते. मागच्या गिअरचा हँगर, म्हणजे गिअर ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा, वाकला की चेन शेवटच्या दातेरी चकतीवरून स्पोकमध्ये उतरते आणि दिवस तिथेच संपतो. हे टाळायला चढवण्याआधी चेन मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर आणून ठेवावी, म्हणजे गिअर आत सरकलेला राहतो. लाँच लाटेबरोबर वर येते तेव्हा सायकल द्यायची, खाली जाताना नाही. कधी द्यायची ते खलाशी सांगतो, त्याचे ऐकावे. वर गेल्यावर गिअरची बाजू बाहेर ठेवून कठड्याला टेकवावी आणि जुन्या ट्यूबच्या पट्टीने दोन ठिकाणी बांधावी. दोरीपेक्षा ट्यूब बरी, ती ताण खाते आणि रंगही खरवडत नाही. कुलूप लावू नये, घाईत सायकल हलवायची वेळ आली तर सगळेच अडकतात. आठ-दहा जणांचा गट असेल तर दोन लाँचमध्ये वाटून जावे. रोजचे उतारू, कोळणींच्या पाट्या आणि दुचाक्या यांच्यात दहा सायकली उभ्या करणे बरे नव्हे. आणि १८ डिसेंबर २०२४ची गेटवेजवळची प्रवासी बोट बुडाल्याची दुर्घटना आठवून जीवरक्षक जॅकेट मुकाट्याने घालावे, पाठीवरची पिशवी आधी उतरवून.

रो-रोवर यातले काही नाही. तिथे सायकल मोटारींबरोबर रॅम्पवरून आत जाते. फक्त रॅम्पचा पत्रा ओला असतो, त्यावर चालवू नये, ढकलत न्यावी. तिकीट आधी काढावे आणि रविवारी चारच्या आत मांडव्याला पोचावे. त्यानंतर चोंढीपासून धक्क्यापर्यंत मुंबईकडे परतणाऱ्या मोटारींची रांग लागते आणि अरुंद रस्त्यावर सायकलला कडाच उरत नाही.

रस्त्यांबद्दल थोडक्यात. भाऊच्या धक्क्याला सकाळी मासळीचा बाजार असतो, जमिनीवर बर्फाचे आणि मासळीचे पाणी, त्यातून सायकल चालवू नये. डॉकच्या भागात रस्त्यात जुने रूळ दिसले तर ते काटकोनातच ओलांडावेत. मोरा ते करंजा रस्त्यावर बंदराचे कंटेनर ट्रेलर फारसे येत नाहीत, हे या मार्गाचे मोठे सुख. मात्र तिथे नौदलाचा परिसर आहे, फोटोचा मोह आवरावा. रेवसहून निघाल्यावर सासवण्याला करमरकरांचे शिल्पालय अगदी रस्त्यालगत आहे, अर्धा तास द्यावा असे ठिकाण. नागाव ते चौल हा वाड्यांमधून जाणारा भाग सर्वांत सुंदर आणि सर्वांत अरुंदही. शनिवार-रविवारी समोरून येणारी मोटार सायकलसाठी वेग कमी करत नाही. नारळी-पोफळीची सावली हवी असेल तर अकराच्या आत तिथून जावे.

वाऱ्याचे गणित बहुतेक जण विसरतात. दिवाळीनंतर मेपर्यंत सकाळी वारा जमिनीकडून हलका येतो, दक्षिणेकडे जाताना जाणवतही नाही. दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो आणि तीन ते पाचच्या दरम्यान तो जोरात असतो. रेवदंड्याहून मांडव्याकडे परतताना तोंड उत्तरेकडे असते, म्हणजे वारा समोरून. सकाळी ताशी वीसने जाणारा माणूस तेव्हा चौदा-पंधरावर येतो. परतीचे वेळापत्रक त्या हिशोबाने आखावे. एकपर्यंत रेवदंडा सोडता येत नसेल तर चौलहूनच मागे फिरावे, रेवदंड्याचा किल्ला पळून जात नाही.

टायर ३२ ते ३८ मिलिमीटर रुंद असावेत. ३२चा टायर आणि सत्तर किलोचा स्वार असेल तर हवा ५५ ते ६० पीएसआय पुरे. त्याहून जास्त भरली तर खराब डांबरावर हात बधिर होतात. दोन ट्यूब, पॅच, टायर काढायचे लिव्हर, पंप, चेनची जोडकडी आणि ४, ५, ६ मिलिमीटरच्या ॲलन की बरोबर घ्याव्यात. गावातल्या दुकानात बारीक वॉल्व्हची ट्यूब मिळेलच असे नाही आणि तिथला पंपही जाड वॉल्व्हचा असतो, म्हणून पितळी अडॅप्टर खिशात असू द्यावा. पंक्चर झाल्यावर ट्यूब बदलून लगेच निघू नये. टायरच्या आतून फडके फिरवून काटा शोधावा, नाहीतर बाभळीचे तेच टोक दुसरी ट्यूबही फोडते. पाणी तासाला किमान अर्धा लिटर. लाँचवर प्यायचे पाणी मिळेल असे धरू नये.

किनाऱ्यावरच्या वाळूत सायकल घालू नये, हे कितीही सांगितले तरी फोटोसाठी लोक घालतातच. खारे पाणी आणि बारीक वाळू हबच्या बेअरिंगमध्ये गेली की महिन्याभरात चाक घरघरू लागते. वाळूत नाही घातली तरी लाँचवर खारे तुषार उडतातच. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते, त्यामुळे चेन आणि ब्रेकच्या केबल रात्रीतून लाल पडतात. घरी आल्यावर झोपण्याआधी बादलीभर गोड्या पाण्याने आणि फडक्याने सायकल धुवावी, सुकवावी, चेनला तेल द्यावे. हब आणि क्रँकवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नये, तो मीठ आतच ढकलतो.

पावसाळ्यात ही फेरी विसरावी. गेटवे–मांडवा बोटी तेव्हा बंद असतात, इतर सेवा हवामान बघून रद्द होतात आणि एक लाँच चुकली की पुढचे सगळे कोसळते. करंज्यालाच अडकलात तर जमिनीवरून पेण-वडखळ करून अलिबागला पोचायला सत्तरएक किलोमीटर पडतात, तेही अवजड ट्रकांबरोबर.

उत्तरेकडेही अशीच साखळी आहे. वर्सोव्याहून लाँचने मढ, मार्वेहून दुसऱ्या लाँचने मनोरी, मग गोराई, उत्तन, भाईंदर आणि फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर–वसई रो-रो. वर्सोव्याची लाँच नसेल तर मढला जायला वीस-बावीस किलोमीटरचा वळसा आणि मालाडची गर्दी. त्या खाडीवर पूल येऊन लाँच थांबली, तर या साखळीची पहिलीच कडी निखळते.

म्हणून मागण्या. नव्या दोन्ही पुलांच्या कडेला, कठड्याने वेगळी केलेली, सायकल आणि पायी चालणाऱ्यांसाठी किमान दोन मीटरची पट्टी आराखड्यातच धरावी. पूल बांधून झाल्यावर ती जोडणे अवघड असते. ते शक्य नसेल तर पुलाच्या मंजुरीतच लाँचच्या रोजच्या ठरावीक फेऱ्या चालू ठेवण्याची अट असावी, तोटा झाला तरी. सध्याच्या धक्क्यांसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाने तीन गोष्टी कराव्यात. मोऱ्याचा गाळ पाऊस संपताच काढावा, उन्हाळ्यात नव्हे, कारण हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो. पायऱ्यांशेजारी पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता धक्का द्यावा. त्याचा उपयोग सायकलीपेक्षा म्हाताऱ्या माणसांना आणि पाट्या घेऊन चढणाऱ्या कोळणींना अधिक होईल. आणि प्रत्येक तिकीटखिडकीवर त्या दिवशीच्या ओहोटीमुळे फेऱ्या कधी थांबतील ती वेळ आणि सायकलचे भाडे खडूने का होईना, पण ठळक लिहावे. आज हे दोन्ही विचारल्याशिवाय कळत नाही.

आपले,
माझगाव, परळ आणि अंधेरी भागांतले काही सायकलस्वार
मुंबई