तक्रार : सात वर्षांचा आराखडा पाच वर्षांवर छाटल्याबद्दल

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय : अपडेटनंतर गेलेल्या नोंदी परत मिळण्याबाबत, अन्यथा उरलेल्या वर्गणीच्या परताव्याबाबत.

महोदय,

कास पठारावर आमची छोटी संस्था वनविभाग आणि गावच्या समित्यांसोबत संवर्धनाचे काम करते. त्याचे नियोजन आम्ही आपल्या सॉफ्टवेअरवर करतो आणि वर्षाची वर्गणी आगाऊ भरतो. संवर्धनाच्या खुल्या मानकांप्रमाणे म्हणजे काय जपायचे, त्याला धोका कशाचा, उपाय कोणता आणि तो लागू पडला हे कशावरून ठरवायचे, हे सगळे एका साखळीत मांडता येते, अशी आपली जाहिरात होती. ते खरेही होते. म्हणून तर घेतले.

ताज्या अपडेटनंतर मात्र कोणत्याही प्रकल्पाची मुदत पाच वर्षांपुढे जात नाही. आमचा आराखडा सात वर्षांचा आहे, आणि तो हौसेने सात वर्षांचा केलेला नाही. पठारावरच्या टोपली कारवी या झुडपाचा सामूहिक बहर सात वर्षांतून एकदा येतो. तो कसा आला, हाच आमचा मुख्य निर्देशक. अपडेटने सहाव्या आणि सातव्या वर्षाची कामे, खर्चाचा अंदाज आणि जबाबदाऱ्या न विचारता उडवल्या. निर्देशक राहिला, पण त्याला आता दरवर्षी आकडा हवा. बहर नसलेल्या वर्षी आम्ही खरे तेच, शून्य, भरतो आणि पडद्यावर लाल पट्टी येते : ‘प्रगती नाही’. हाच अहवाल देणगीदार कंपनीकडे गेला आणि तिथून विचारणा आली, की पैसे गेले कुठे? कारवी अजून फुलायची आहे, हे त्यांना फोनवर समजावत बसावे लागले.

आपल्या मदत कक्षाने प्रकल्पाचे दोन तुकडे करा असे सुचवले. केले असते, पण दुसऱ्या तुकड्यात पहिल्याची पायाभूत नोंद, म्हणजे काम सुरू होण्याआधीची स्थिती, जात नाही. मग जाळरेषा (वणवा अडवण्यासाठी आधीच गवत जाळून मोकळा केलेला पट्टा) काढल्याने वणवा थांबला का, आणि वाट आखल्याने पर्यटकांचे तुडवणे कमी झाले का, हे बहराच्या वर्षी कशाशी ताडून पाहायचे?

धोक्यांच्या तक्त्याचेही तसेच. व्याप्ती, तीव्रता आणि अपरिवर्तनीयता (नुकसान भरून न येणे) असे तीन निकष देऊन सॉफ्टवेअर एकूण श्रेणी काढते, ते ठीक. पण चराईला आम्ही ‘मध्यम’ दिले होते ते आता आपोआप ‘अति उच्च’ झाले आहे. पठारावर गुरे चरणे चांगले की वाईट, यावर इथे जाणकारांचेही एकमत नाही. तो निर्णय आमचा आणि गावकऱ्यांचा आहे, आपल्या सर्व्हरचा नव्हे.

मराठी अहवालाबद्दल थोडक्यातच लिहितो. पीडीएफमध्ये जोडाक्षरे फुटतात. समितीच्या बैठकीत तो कागद कोणालाच वाचता आला नाही, शेवटी हाताने लिहून काढला. आणि रेंज नसताना पठारावर भरलेल्या नोंदी खाली उतरल्यावर चढतील याची खात्री नसते, म्हणून आमची मुले वहीसुद्धा बरोबर नेतात.

आमची मागणी अशी : अपडेटपूर्वीची आमची फाइल आपल्याकडच्या बॅकअपमधून जशीच्या तशी परत करावी, मुदतीची मर्यादा काढावी आणि चराईची मूळ श्रेणी पूर्ववत करावी. हे जमणार नसेल तर सर्व नोंदी साध्या एक्सेल फाइलमध्ये द्याव्यात आणि उरलेल्या काळाची वर्गणी परत करावी. नुसती ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ अशी ठरावीक मेल कृपया पाठवू नये. ती आम्हाला आधीच आलेली आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. आपले कार्यालय दुसऱ्या शहरात असले, तरी तक्रारदार जिथे राहतो तिथे दाद मागता येते.

आपला,
सचिव, निसर्ग संवर्धन संस्था, सातारा

सोबत : वर्गणीची पावती, अपडेटपूर्वीच्या व नंतरच्या आराखड्याचे स्क्रीनशॉट, मदत कक्षाशी झालेला पत्रव्यवहार.