लाल गव्हाच्या चपात्या

लेस्टर (इंग्लंड), रविवार

ती. आज्जीस शि. सा. नमस्कार,

बाबा हे तुला वाचून दाखवतील. गुडघ्याला तेल लावतेस ना? अथणीकडं औंदा पाऊस बरा झाला हे ऐकून जीव भांड्यात पडला.

परवा रात्रपाळीत चहा घेताना सोबतची नर्स तावातावानं बोलली. तिची आई ऑपरेशनसाठी कधीपासून नंबरला आहे. "आमचंच भागेना, आणि सरकार परदेशाला पैसे वाटतंय!" तिचा राग खोटा नाही. मी विचारलं, किती वाटत असेल? म्हणाली, शंभरातले वीस तरी. अमेरिकेतही असंच आहे. 2025च्या एका पाहणीत लोकांनी सरासरी 26 टक्के सांगितले, बजेटमधून जातो टक्काभर. तरी परदेशाला मदत देणारी तिथली 1961पासूनची सरकारी संस्था, यूएसएड, त्याच वर्षी जुलैत बंद झाली.

इथं ब्रिटनमध्ये 2015 साली कायदाच झाला होता, देशाच्या उत्पन्नातल्या शंभर पौंडांमागं 70 पेन्स (शंभर पेन्सचा एक पौंड) परदेशाच्या मदतीला. 2021ला त्याचे 50 केले, 2027पर्यंत 30 होणार. हे वाचवलेले पैसे दवाखान्याला नाहीत, संरक्षण खात्याला जाणार आहेत. तिच्या आईचा नंबर त्यानं लवकर लागणार नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

मग तुझं सांगितलं. 1966चा दुष्काळ, रेशन दुकानापुढची रांग, अमेरिकेचा लाल गहू. कितीही मळा, चपाती वातडच. तू ती पाण्यात भिजवून धाकट्या भावाला भरवायचीस. शाळेत पावडरीचं दूध मिळायचं म्हणून दप्तरात पितळी वाटी न्यायचीस. त्या साली देशात बाहेरून एक कोटी टनांवर धान्य आलं, बहुतेक तिकडचंच. ते निव्वळ दयेपोटी नव्हतं, हेही सांगितलं. त्यांची कोठारं भरली होती, आणि व्हिएतनामच्या युद्धावरून भारत अमेरिकेविरुद्ध बोलला म्हणून त्यांचे अध्यक्ष जॉन्सन धान्याच्या बोटी रोखून धरायचे. पण वाटी घेऊन बसलेल्या अकरा वर्षांच्या पोरीला जॉन्सन कोण हे काय माहीत?

तिनं तुझा फोटो मागितला. खळ्यात जोंधळा पाखडतेस तो दाखवला. बराच वेळ बघत राहिली, मग विचारलं, ते दूध गोड असायचं का?

मला सांगता आलं नाही. रविवारी फोन करते, तेव्हा सांग.

तुझी नात