शासकीय संकेतस्थळांचा फॉन्ट आधी मराठीसाठी पारखावा

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

एखाद्या शासकीय विभागाने किंवा महामंडळाने आपली ओळख ठसावी म्हणून संकेतस्थळावर स्वतःचा खास फॉन्ट वापरावा, यात काहीच गैर नाही. माझी तक्रार एवढीच आहे की ही निवड बहुधा रोमन अक्षरे पाहून होते आणि देवनागरीचा विचार काम संपत आल्यावर केला जातो.

निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल, तर ब्राउझर वाचकाच्या फोनमध्ये असेल तो फॉन्ट लावतो आणि त्या खास ओळखीचा मराठी पानावर मागमूसही उरत नाही. त्यातच इंग्रजी शीर्षकांसाठी अक्षरांमध्ये वाढवलेले अंतर मराठीलाही लागू झाले की शिरोरेघेचे तुकडे पडतात. बटणाची उंची रोमन अक्षरांच्या मापाने ठरवलेली असली, तर ‘विद्यार्थ्यांसाठी’ या शब्दातला रफार आणि अनुस्वार वरून कापले जातात. ज्याच्यासाठी योजना आहे, त्याचाच उल्लेख असा विद्रूप व्हावा, हे मला फार लागते.

पान लवकर उघडावे म्हणून फॉन्टची फाइल लहान करणे योग्यच आहे, कारण गावाकडे नेटवर्क अजूनही बेभरवशाचे असते. मात्र देवनागरीची जोडाक्षरे फॉन्टमध्ये दडलेल्या नियमांवर चालतात. वजन कमी करताना ते नियमच काढून टाकले, तर ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला अर्धा र नाहीसा होऊन तिथे हलन्ताचा पाय मोडलेला पूर्ण र उमटतो.

शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठी वळणे प्रमाण मानली. काही फॉन्टमध्ये ही रूपे असतातही, परंतु पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवलेली नसेल तर ब्राउझर ती वापरत नाही. एका ओळीच्या दुरुस्तीअभावी शासनाचाच निर्णय शासनाच्या पानावर पाळला जात नसेल, तर ते खेदजनक आहे.

चांगल्या अक्षरांची आपल्याकडे वाण नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट खुल्या परवान्यावर मिळतो, आणि राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ उपलब्ध करून दिला आहे. नवा फॉन्ट घडवून घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा, पण त्याची देवनागरी मराठी जाणणाऱ्या अक्षररचनाकाराकडूनच घडवावी आणि तिचा परवाना शासनाच्या सर्व कार्यालयांना पुरेल असा असावा.

म्हणून विनंती अशी की, संकेतस्थळाच्या प्रत्येक निविदेत मराठी मजकुराची चाचणी ही अट घालावी, ती साध्या अँड्रॉइड फोनवर मराठी वाचकांसमोर घ्यावी, आणि जोडाक्षरे व शिरोरेघ निर्दोष उमटल्याशिवाय कंत्राटदाराचे अंतिम देयक मंजूर करू नये.

आपला विश्वासू,
एक मराठी अक्षररचनाकार