दंडाचा आकडा छापला, आदेश राहून गेले

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांवर चालणाऱ्या मक्तेदारीच्या खटल्यांच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात आणि त्यांचा मथळा बहुधा दंडाच्या रकमेवरच बेतलेला असतो. बेळगावच्या शहापुरात गेली पंचवीस वर्षे छोटा छापखाना आणि डीटीपीचे काम करणारा माणूस म्हणून मला सांगावेसे वाटते, की आमच्यासारख्यांच्या दृष्टीने त्या रकमेला फारसा अर्थ नसतो. त्याच निकालपत्रात कंपनीने यापुढे कसे वागावे याविषयीचे जे आदेश असतात, ते आमच्या कामाचे असतात आणि नेमके तेच बातमीतून गळतात.

आपल्याच देशातील उदाहरण घ्यावे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि त्यासोबत वर्तनाविषयी दहा आदेश दिले. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड पूर्ण कायम ठेवला, तेव्हा ‘गूगलला दणका’ हे वाचून आमच्या गल्लीतही समाधान व्यक्त झाले. पण त्याच दिवशी न्यायाधिकरणाने दहापैकी चार आदेश रद्द केले होते. गूगलच्या अ‍ॅप-दुकानाला (प्ले स्टोअरला) वळसा घालून थेट फोनवर अ‍ॅप चढवण्याच्या वाटेत अडथळे आणू नयेत, हा त्यांपैकी एक. उद्यमबागेतील यंत्रशाळांसाठी हजेरीची किंवा मालसाठ्याची छोटी अ‍ॅप बनवून देणारी मुले आमच्याकडे बिलबुके छापायला येतात. असे अ‍ॅप थेट फोनवर चढवताना पडद्यावर धोक्याचा इशारा झळकला, की फौंड्रीचा मालक फोन परत मागून घेतो आणि ठरलेला व्यवहार तिथेच थांबतो, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे. इशारे काढूनच टाकावेत असे माझे म्हणणे नाही, कारण फसवी अ‍ॅपही कमी नाहीत. मात्र त्या मुलांच्या पोटाशी संबंध होता तो रद्द झालेल्या आदेशाचा. कायम राहिलेला दंड तर कायद्यानुसार भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत, जमा होतो. त्यातला रुपयाही त्यांच्यापर्यंत येणार नाही.

उलट बाजूचे उदाहरण माझ्या छापखान्यातच आहे. आमच्याकडे विंडोजचे चार संगणक असून, सगळ्या फाइली एका कोपऱ्यात ठेवलेल्या जुन्या संगणकावर असतात. त्यावर लिनक्स आणि सांबा नावाचे मोफत सॉफ्टवेअर अनगोळच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने बसवून दिले. लग्नसराईत खानापूरकडचे गिऱ्हाईक संध्याकाळी सात वाजता दारात उभे राहते आणि ‘थोरल्याच्या लग्नाची पत्रिका होती, तीच ठेवा, फक्त नावे आणि मुहूर्त बदला’ असे म्हणते, तेव्हा तीन वर्षांपूर्वीची मराठी आणि कानडी मजकुराची फाइल दोन मिनिटांत कोणत्याही टेबलावर उघडते. विंडोजचे संगणक फाइलींची देवाणघेवाण कोणत्या नियमांनी करतात, हे सांबा बनवणाऱ्यांना सुरुवातीची अनेक वर्षे तारेवरून जाणारी माहिती निरखून, अंदाजाने शोधावे लागत होते. युरोपीय आयोगाने मार्च २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरो दंड केला, आणि हे नियम प्रतिस्पर्ध्यांना उपलब्ध करून देण्याचा आदेशही दिला. सप्टेंबर २००७ मध्ये लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने तो उचलून धरला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सांबाच्या मंडळींना ती कागदपत्रे एकदाच दहा हजार युरो भरून मिळाली. दंडाचे पैसे युरोपातच राहिले. आदेशाचे फळ मात्र शहापूरच्या गल्लीपर्यंत आले, तेही फुकट.

अर्थात आदेश हाती पडायला लागणारा वेळ ही वेगळीच व्यथा आहे. युरोपच्या त्या प्रकरणातील मूळ तक्रार १९९८ ची होती. अमेरिकेत त्याच वर्षी, नेटस्केप या प्रतिस्पर्धी कंपनीच्या ब्राउझरची (इंटरनेट पाहण्याच्या सॉफ्टवेअरची) कोंडी केल्याच्या आरोपावरून, मायक्रोसॉफ्टवर खटला भरला गेला. जून २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम झाला, आणि जून २००१ मध्ये अपिलात तो रद्द झाला. मक्तेदारी टिकवण्यासाठी कंपनीने बेकायदा मार्ग वापरले, हा निष्कर्ष मात्र अपिलातही टिकला. तोवर ज्या नेटस्केपच्या ब्राउझरवरून एवढे रामायण घडले, ती कंपनी दुसऱ्याच्या मालकीची झालेली होती. पंधरा-वीस माणसांच्या धंद्याला एवढी वर्षे दम धरणे जमत नाही.

येथे एक कबुलीही दिली पाहिजे. आमच्या व्यवसायात एके काळी बहुतेक संगणक विनापरवाना प्रतींवरच चालत, आणि मीही त्याला अपवाद नव्हतो. त्यामुळे मक्तेदारीविरुद्ध तक्रार करायला आमचे तोंड जरा बंदच राहिले. आता परवाने रीतसर घेतले आहेत, दरवर्षी पैसे भरतो, तेव्हा बोलण्याचा हक्क थोडाफार आला असे समजतो.

स्पर्धा कायदा, २००२ मध्ये कलम ५३-एन आहे. आयोगाने गैरवर्तन झाल्याचे ठरवल्यानंतर, त्यामुळे ज्याचे नुकसान झाले त्याला अपील न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते, असे ते सांगते. आमच्या मुद्रकांच्या बैठकीत मी हा विषय काढला, तेव्हा एकालाही ते ठाऊक नव्हते. दिल्लीपर्यंत वकील लावणे एकट्या दुकानदाराच्या आवाक्याबाहेरचे आहे, हे खरे. परंतु अनेकांनी मिळून एकच अर्ज करण्याची सोय त्याच कलमात आहे. बेळगाव, निपाणी आणि खानापूर येथील व्यापारी संघटनांनी निदान एखाद्या जाणत्या वकिलाला बोलावून हे समजावून घ्यावे, असे मला वाटते.

आपल्याकडे एवढीच विनंती, की अशा निकालाची पुढची बातमी छापताना दंडाच्या आकड्याखाली एक छोटी चौकट द्यावी आणि कोणते आदेश झाले, कोणते टिकले आणि कोणते गळाले, ते तीत साध्या मराठीत लिहावे. ती चौकट कापून छापखान्याच्या दारावर लावायचे काम मी करीन.

आपला विश्वासू,
एक मुद्रक, शहापूर, बेळगाव