शंभर शेअर आणि तेरा वर्षं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘सुख पैशात नाही’ असं सांगणारा लेख वाचला. भाषा सुंदर आहे. पण शेतात कापूस वेचणारी बाई भाकर-ठेचा खाऊन बंगल्यातल्या शेठपेक्षा सुखी असते, या वाक्याशी आलो आणि पेपर बाजूला ठेवला. मी अमळनेरला एकतीस वर्षं पोस्टमन होतो. त्यातली बरीच वर्षं गावातल्या पैलाड वस्तीचं बीट, म्हणजे टपाल वाटायचा भाग, माझ्याकडे होतं. ती बाई मला माहीत आहे.

तिचा मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता. आमच्याकडून सुरतेला थेट गाडी, त्यामुळे कितीतरी घरांतली पोरं तिकडेच पोट भरतात. दर महिन्याच्या दहा-बारा तारखेला त्याची मनिऑर्डर यायची. मी सायकलवरून उतरायच्या आत ओट्यावरून हाक, “उनी का रे भाऊ?” पैसे हातात घेण्याआधी तिला कूपन वाचून दाखवावं लागे. “काय लिखेल शे?” मुलगा दोनच ओळी लिहायचा. तब्येत सांभाळ, पावसाआधी पत्रे बदलून घे. मग ती अंगठा द्यायची आणि शाई केसांना पुसायची. माझ्यासमोरच नोटांचे वाटे पडत. हे किराणावाल्याचे, हे दळणाचे, आणि दहाची एक नोट पदराच्या गाठीत. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसायचं, ते पैशाचं सुख होतं. दुसरं कोणतं म्हणणार?

एका वर्षी तिकडे काम थांबलं. तीन महिने मनिऑर्डर नाही. मी गल्लीत शिरलो की ती घरात जायची, मला विचारायला लागू नये म्हणून. त्या दिवाळीत पासष्टी गाठलेली ती बाई वेचणीला गेली. कापसाच्या वाळलेल्या बोंडाला टोकं असतात, ती नखांच्या कडेला घुसतात. पुढे मनिऑर्डर आली तेव्हा तिचा अंगठा कागदावर उठेना. चिराच इतक्या पडल्या होत्या. दोनदा शाई लावली, तिसऱ्यांदा कसाबसा उमटला. या बाईला सुख मनात असतं म्हणून सांगायचं, हे मला पाप वाटतं.

लेखात २०१० सालच्या अमेरिकन संशोधनाचा दाखला आहे. वर्षाला पंचाहत्तर हजार डॉलर मिळकतीच्या पुढे रोजचं सुख वाढत नाही, असं डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांनी तेव्हा मांडलं होतं. माझ्या मुलीने पुढचं दाखवलं. कानेमन यांनीच २०२३ मध्ये, वेगळं मत असलेल्या संशोधकाबरोबर बसून, ते दुरुस्त केलं. बहुतेकांचं सुख मिळकतीबरोबर वाढतच राहतं. जे मुळात फार दुःखी असतात, त्यांच्याच बाबतीत एका आकड्यापुढे पैसा कामाला येत नाही. ही दुरुस्ती लेखात हवी होती. तिचा दुसरा भाग वाचताना मला माझ्या बीटवरचं एक घर आठवलं.

त्याआधी आमच्या गावाबद्दल सांगायला हवं. पैसा आणि सुख हा विषय अमळनेरला नवा नाही. मिलमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली इथे तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. विद्यावेतन घेऊन लोक इथे राहत आणि वेदान्ताचा अभ्यास करत. साने गुरुजी अमळनेरला आले ते आधी तिथेच. माझे वडील प्रतापशेठांच्याच मिलमध्ये कामगार. आणि १९४५ साली याच गावात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, ज्याची पुढे विप्रो झाली. गावातल्या साध्यासुध्या लोकांनी तिचे शेअर घेतले. कोणी विश्वासाने, कोणी भिडेखातर. त्यांतले किती जण पुढे कोट्यधीश झाले, हे सगळ्या खान्देशाला ठाऊक आहे. कंपनीच्या नफ्यातला वाटा, म्हणजे डिव्हिडंड, टपालाने यायचा; ती पाकिटं मीच घरोघर टाकत होतो.

असंच एक घर. दोघे भाऊ, मध्ये निंबाचं झाड, एकच चूल. वडील वारले आणि शेअर कोणाचे यावरून अबोला धरला गेला. वर्षभरात अंगणातून भिंत उठली, झाडाला वळसा घालून. पाकीट यायचं ते वडिलांच्याच नावाने. नियमाप्रमाणे मी विचारायचो, काय करायचं? मोठा म्हणायचा, त्याला देऊ नका. धाकटा म्हणायचा, त्याला देऊ नका. आई भिंतीच्या अलीकडे पंधरा दिवस आणि पलीकडे पंधरा दिवस राहायची. ती काहीच बोलत नसे. मी पाकिटावर ‘मयत, परत’ असा शेरा मारायचो. पुढच्या वर्षी पुन्हा पाकीट, पुन्हा शेरा. आत हजारो रुपयांचा कागद असायचा आणि दोन्ही दारांतून लोक मला तो परत नेताना बघायचे.

मी त्यांना नावं ठेवत नाही. माझंही सांगतो.

माझ्या वडिलांकडे विप्रोचे वाढत वाढत झालेले शंभर शेअर होते. १९९६ च्या पावसाळ्यात त्यांना मुंबईला नेऊन बायपास करावी लागली. शेअर विकले, सौ.ने हातातल्या पाटल्या मोडल्या, बाकीचं पतपेढीचं कर्ज. वडील बरे होऊन घरी आले. दुसऱ्याच वर्षी कंपनीने एका शेअरमागे दोन शेअर बोनस म्हणून फुकट दिले. १९९९ मध्ये एका शेअरचे पाच झाले. २००० च्या सुरुवातीला तर भाव इतके चढले, की चौकात दुसरा विषयच नव्हता. माझ्या शंभराचे तोवर पंधराशे झाले असते. मी पेपर आला की आधी शेवटून बाजारभावाचं पान उघडायचो. वडील समोर बसलेले, बशीतून चहा पिताहेत, माझ्या मुलीला उजळणी म्हणून दाखवायला सांगताहेत. आणि त्यांच्याकडे बघताना माझ्या मनात आकडा यायचा. संपादक महोदय, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. जिवंत बापाच्या तोंडाकडे बघून मी गुणाकार करत होतो. जे पैसे माझ्याकडे कधी आलेच नाहीत, त्यांनी माझी चार वर्षं नासवली.

एक दिवस वडीलच म्हणाले, “मी महाग पडलो का रे तुला?” मला काही बोलता आलं नाही. त्या दिवसापासून मी ते पान वाचत नाही.

वडील २००९ साली गेले. तेरा वर्षं मिळाली. नातीला त्यांनी सायकल शिकवली, संत सखाराम महाराजांचा रथ ते दर वैशाखात बोरी नदीकाठी उभं राहून बघायचे. परवा पुतण्याने मोबाईलवर हिशेब केला. पुढचे बोनस धरून, २०२४ चा शेवटचा धरला, तर शंभराचे ऐंशी हजार शेअर. अडीचशेचा भाव लावला तर दोन कोटी. तो हळहळला. मी त्याला मुंबईच्या ऑपरेशनची पावती दाखवली. मी ती जपून ठेवलेली आहे.

आता जे सांगण्यासाठी पत्र लिहायला घेतलं, ते. ते दोघे भाऊ आता नाहीत. आईही नाही. सलग सात वर्षं डिव्हिडंड कोणी घेतला नाही तर तो, आणि त्याबरोबर शेअरही, सरकारच्या आयईपीएफ (गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधी) नावाच्या निधीत जमा होतात. त्या घरचेही तसेच गेले. वारसांना ते परत मागता येतात, पण कागदपत्रं भरपूर लागतात आणि सगळ्या वारसांची संमती लागते. गावात आणि आसपास असे कागद किती ट्रंकांमध्ये पडून असतील. सुखावरचे लेख आपण जरूर छापावेत. पण त्याच पानावर या अर्जाची माहितीही सोप्या मराठीत द्यावी, ही विनंती.

गेल्या महिन्यात त्या घरातल्या दोन मुली माझ्याकडे आल्या. चुलत बहिणी, एकाच कॉलेजात जातात. आजोबांच्या पाकिटांवर तुम्ही काय लिहायचे, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग धाकटीने पिशवीतून शेअरचे जुने कागद काढले. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण नंबर वाचता येतात. अर्ज दोघींच्या नावे करायचा ठरला आहे. सोमवारी मी त्यांच्याबरोबर जळगावला जातोय.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन
अमळनेर, जि. जळगाव