अर्ध्यावर सोडलेलं वचन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समलैंगिक माणसांना ख्रिस्ती धर्मात जागा नाही, बायबलच्या जुन्या करारातलं लेवीय हे नियमांचं पुस्तक वाचलं की कळेल, अशा आशयाचं एका वाचकाचं पत्र आपल्या दैनिकात आलं होतं. लेवीय मी वाचलंय. मिरजेत ३८ वर्षं परिचारिका होते आणि रात्रपाळीला डुलकी येऊ नये म्हणून पवित्र शास्त्र उघडायची. लेवीयने झोप यायची हेही कबूल करते.

गेल्या नाताळच्या आधीच्या रविवारी आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) उपासनेत लेवीय २०:१३ वाचलं गेलं. पुरुषाने पुरुषाशी संग करणं अमंगळ, एवढं वाचून पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. वचन तिथं संपत नाही. त्या दोघांना जिवे मारावं, असं पुढे आहे. पाळकसाहेब भला माणूस, त्यांच्याने ते वाचवलं नसेल. म्हणजे कुठं थांबायचं ते त्यांनीही ठरवलंच की! मागच्या बाकावर माझा भाचा बसला होता, पुण्याहून सुट्टीला आलेला. उपासनेनंतर चहाला थांबला नाही.

दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड आणि डुकराचं मांस लेवीयमध्ये निषिद्ध, हे उदाहरण सगळेच देतात, ते राहू द्या. मी मिरजेचं देते. लेवीयचा तेरावा अध्याय आम्ही महारोगाचा अध्याय म्हणून ओळखतो, जरी त्यात कपड्यांवरच्या चट्ट्याचाही नियम आहे आणि चौदाव्यात घराच्या भिंतींवरच्या. रोग्याने फाटके कपडे घालावेत, 'अशुद्ध, अशुद्ध' ओरडावं, छावणीबाहेर एकटं राहावं, असा तिथला हुकूम. याच मिरजेत मिशनने कुष्ठरोग्यांसाठी रिचर्डसन हॉस्पिटल चालवलं. शिकाऊ असताना मी अशा रोग्यांच्या पायाच्या जखमा धुतल्यात. एक म्हातारबाबा मी जवळ गेले की पाय ओढून घ्यायचे, "बाई, लांबनंच करा." त्यांना लेवीय माहीत नव्हतं, पण गावाने त्यांना तोच नियम लावला होता. मिशनच्या डॉक्टरांनी तेरावा अध्याय फाडून टाकला नाही. येशूने कुष्ठरोग्याला हात लावला, हे नव्या करारातल्या मत्तयच्या आठव्या अध्यायातलं त्यांनी आधी वाचलं आणि मग लेवीयकडे पाहिलं. आज मिरजेतल्या कुठल्याही ख्रिस्ती माणसाला याचा अभिमानच वाटतो.

यावर पाळकसाहेबांचं उत्तर मला ठाऊक आहे, कारण घरी जाऊन विचारलं. नियमशास्त्राचे तीन भाग: विधींचे नियम ख्रिस्तात पूर्ण झाले, इस्राएलच्या राज्यकारभाराचे त्या राज्याबरोबर गेले, नीतीचे मात्र कायम. प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत ही शिकवण सतराव्या शतकातल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रापासून, म्हणजे श्रद्धेच्या लेखी जाहीरनाम्यापासून, चालत आली आहे, ती उडवून लावण्यासारखी नाही. अठराव्या अध्यायात आई, बहीण, सून यांच्याशी संबंध निषिद्ध आहे, आणि ते आपण आजही मानतो. म्हणून 'शेजारचं वचन जुनं, तर हेही जुनं' असं मी म्हणणार नाही. पण कुठलं वचन कुठल्या भागातलं, याची चिठ्ठी लेवीयवर चिकटवलेली नाही. त्याच अठराव्या अध्यायात विटाळशी बायकोजवळ जाऊ नये असंही आहे. तो नीतीचा नियम की विधीचा? इतक्या वर्षांत कुठल्या जोडप्याला हे मंडळीत विचारलेलं मी ऐकलं नाही. आणि कापणी करताना शेताच्या कडा सोडाव्यात, सरवा, म्हणजे मागे पडलेलं पीक, गरिबाला आणि परक्याला ठेवावा, हे एकोणिसाव्यात आहे. माझी आई तासगावकडे भुईमुगाच्या शेंगांचा सरवा वेचायची, तिला ज्यांनी हाकललं त्यांच्यात मंडळीतलेही होते. त्यांच्यावर कुणी वचन वाचलं नाही. पंचविसाव्यात गरीब भावाकडून व्याज घेऊ नको म्हटलंय. आमच्या पहिल्या बाकावर बसणाऱ्यांत पतसंस्थेचे संचालक आहेत, त्यावर मी जास्त बोलत नाही.

रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय मात्र मला अडतो. त्यातही समलैंगिक संबंधांना दोष दिलाय, आणि तो नव्या करारातला, प्रेषित पौलाचा, त्याला लेवीयचं उत्तर चालत नाही. पौल मूर्तिपूजकांच्या वासनांबद्दल बोलतोय, आयुष्यभर एकमेकांना सांभाळणाऱ्या दोघांबद्दल नाही, असं काही अभ्यासक म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही आणि पुरतं खोडताही येत नाही. ज्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन परंपरेने मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभारणाऱ्या डॉ. वानलेस यांना इकडे पाठवलं, तिच्यातल्या तिथल्या सर्वांत मोठ्या चर्चने २०१५ मध्ये विवाहाची व्याख्या बदलून समलैंगिक जोडप्यांनाही त्यात जागा दिली. त्यावरून तिथल्या कितीतरी मंडळ्या बाहेरही पडल्या. तिथं भांडण मिटलेलं नाही, मग मिरजेत एका रविवारी, अर्ध्या वचनात ते कसं मिटेल?

प्रौढांचे संमतीने असलेले समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत, असा कलम ३७७ बद्दल सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी निकाल दिला, त्या दिवशी भाच्याने मला फोन केला होता. मी "बरं झालं" एवढंच म्हणाले, पुढे काय बोलावं ते सुचलं नाही. यंदा नाताळला येतोस का विचारलं तर म्हणाला, "मावशी, तुझ्याकडं येतो, देवळात नाही येत." करंज्या त्याच्यासाठी वेगळ्या काढून ठेवते.

त्याच्यासाठी माझं नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज (जि. सांगली)