रिलेमधल्या त्या पोरांना थँक्यू
रविवारी लेकीची पहिली स्विमिंग रिले होती, त्यासाठी रत्नागिरीहून पहाटेच निघालो आणि नेमका गॉगल घरी राहिला (हो, बॅग मीच भरली होती 🙈). ती रडकुंडीला आलेली बघून शेजारच्या टीममधल्या एका मुलीने स्वतःचा स्पेअर गॉगल काढून दिला, वर पट्टा पण ॲडजस्ट करून दिला. नाव विचारायचं राहिलंच.

४×५० मेडले होती, म्हणजे चौघींनी प्रत्येकी ५० मीटर वेगवेगळ्या स्ट्रोकने पोहायचं. त्यात आधी बॅकस्ट्रोक, मग ब्रेस्ट, मग बटरफ्लाय आणि शेवटी फ्रीस्टाईल. आमची शेवटची. आधीच्या मुलीचा हात भिंतीला लागायच्या आत हिचे पाय ब्लॉकवरून सुटले आणि अख्खी टीम डिसक्वालिफाय, म्हणजे तिघींची मेहनत पण पाण्यात. मला वाटलं आता हिला बोलणी बसणार, पण त्या तिघी टॉवेल घेऊन धावत आल्या, हिला मधे घेऊन बसल्या आणि बटरफ्लायवाली म्हणते कशी, "अगं मीच शेवटी स्लो झाले, तुझा अंदाज चुकणारच." आता ती स्लोबिलो काही झाली नव्हती, मी बघत होतो ना! बारा वर्षांच्या पोरीला हे सुचतं कुठून?

आणि ज्या काकींनी सगळ्यांना घावणे आणि कोकम सरबत दिलं, तुमचा डबा आमच्याकडेच राहिलाय हो. पुढच्या प्रॅक्टिसला आणतो, रिकामा नाही आणणार.